जातो म्हणू नये

१

खुडबुड्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल तेवढंच. ताईने त्याला त्या नावाने कधी हाक मारली नाही. ताई जन्मापासून आंधळी. लहानपणी तिच्या लेखी धाकटा भाऊ म्हणजे शेजारच्या खोलीतून येणारी खुडबुड. काहीतरी उघडतोय, उचकतोय, पाडतोय आणि वर "काही नाही गं" म्हणतोय. तेच नाव चिकटलं. आता पन्नाशी जवळ आली, डोक्यावरचे केस गेले, पण खुडबुड काही गेली नाही. पान्या-पक्कडीच्या जागी फक्त कीबोर्ड आला.

हा राहतो एकटा. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली मोटारींचं गॅरेज. दुसऱ्यांचे बिघडलेले प्रोग्रॅम घरी बसून दुरुस्त करायचे, हे त्याचं काम. टेबलावर तीन कॉम्प्युटर, तिन्ही वेगळ्या घराण्यांचे, एकाला रुचेल ते दुसऱ्याला पचेल तर शपथ. त्यांना तो थोरला, मधला आणि धाकटा म्हणायचा. घरात बोलायला तेवढेच होते. कधीकधी दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि मग सकाळी ताईचा फोन आला की पहिल्या वाक्याआधी घसा खाकरावा लागायचा. "अजून झोपलायस का रे?" ती विचारायची. तो केव्हाचा उठलेला असायचा.

ताई बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, तीही एकटीच. अंध मुलींच्या शाळेत तिने आयुष्यभर कॉम्प्युटर शिकवला. शिकवायची भाषा जुनी, बेसिकच्या घराण्यातली, साधीभोळी. एका ओळीत एक हुकूम द्यायचा आणि यंत्राने तो मुकाट्याने पाळायचा. तिच्या मुलींनी त्या भाषेत पाढे विचारणारे, गोष्टी सांगणारे, उत्तर चुकलं की खो खो हसणारे प्रोग्रॅम लिहिले होते. पुढे ताई निवृत्त झाली, तिचा जुना कॉम्प्युटर मेला, आणि ज्यात प्रोग्रॅम लिहायचा तो जुना एडिटर नव्या यंत्रावर चालेना. मुली आपापल्या घरी पांगलेल्या. कुणाकडे थोरल्याच्या जातीचं यंत्र, कुणाकडे धाकट्याच्या.

"फोनवरून वर्ग घेईन म्हणते," ताई म्हणाली. "पण लिहायचं कशात? हात नुसते मांडीवर पडलेत रे माझे."

हे वाक्य त्याला फार लागलं. तिन्ही घराण्यांत सारखाच नांदेल असा एडिटर लिहायला तो त्याच दिवशी बसला.

गाडी एका जागी अडली. या भाषेत एक 'जर' लिहिला की एक दार उघडतं, त्याच्या आत तेच काम परत परत करायला लावणारा फेरा लिहिला की आणखी एक. उघडलेलं प्रत्येक दार शेवटी बंद करावं लागतं, नाहीतर प्रोग्रॅम जागचा हलत नाही. डोळस माणूस आतल्या ओळी थोड्या सरकवून लिहितो आणि नुसत्या नजरेने ओळखतो, आपण किती आत आहोत ते. ताईच्या यंत्रात पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक बाईचा आवाज होता, ताई त्याला मास्तरीण म्हणायची. मास्तरीण शब्द वाचायची, पण आत-बाहेर काही तिला सांगता यायचं नाही. म्हणून खुडबुड्याने दर दाराला एक टिंग घातली.

"ए शहाण्या," दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. "दाराची बेल वाटते ती. सकाळपासून उठून उठून दार उघडतेय, बाहेर कुणी नाही."

"मग काय घालू?"

"तुझाच आवाज घाल. तेवढीच सोबत."

तो ओशाळला, मग त्याला बरंही वाटलं. "बरं. आत शिरलं की 'आलो' म्हणतो, बाहेर पडलं की 'गेलो'."

"जिभेला काही हाड तुझ्या! घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं. आईने काय शिकवलं?"

"अगं, पण ऐकणाऱ्याला कळणार कसं, माणूस येतोय की जातोय?"

"मला कळतं," ताई म्हणाली. "पावलांवरून."

त्याने दुपारी कपड्यांच्या कपाटात शिरून, दार ओढून घेऊन दोन शब्द रेकॉर्ड केले. कपाटात अशासाठी की टांगलेले कपडे घुमणं शोषून घेतात आणि आवाज कोरडा, स्वच्छ येतो. अंधारात, शर्टांच्या बाह्या गालाला लागत असताना तो म्हणाला, "आलो." मग म्हणाला, "येतो." मग बाहेर आला, एक कळ दाबली की आत किती दारं उघडी आहेत ते मास्तरीण सांगेल अशी सोय केली आणि एडिटर ताईला पाठवून दिला.

२

ताई खूश. तिने पहिल्याच आठवड्यात तीन मुलींना फोनवर गोळा केलं. "घरात माणूस असल्यासारखं वाटतं रे," ती म्हणाली. "मी एक 'जर' लिहिते, तू आलो म्हणतोस. मी दार लावते, तू येतो म्हणतोस. मुली म्हणतात, बाई, हे काका किती नम्र आहेत."

फोन ठेवताना तो नेहमीसारखं म्हणाला, "चल ताई, येतो एकदा तिकडे." हे तो कित्येक वर्षं म्हणत होता. त्याचा हा 'येतो' निघण्याचाही नव्हता आणि येण्याचाही नव्हता, फोन ठेवण्याचा होता. ताईही दर वेळी "ये" म्हणायची. आधी कधी गेला की ती दारातच त्याचा डावा हात धरायची आणि करंगळी चाचपायची. लहानपणी दारात चेमटून ती करंगळी वाकडी झालेली. "माल अस्सल आहे," असं म्हणून मगच आत घ्यायची. तेही आता जुनं झालं होतं.

मग एका सकाळी ती म्हणाली, "तुझ्या एडिटरला वेड लागलंय. रिकाम्या फाइलवर आलो म्हणतो."

"आधीची फाइल उघडी राहिली असेल."

"आत्ता यंत्र चालू केलंय. एक अक्षर लिहिलेलं नाही. आत किती, म्हणून विचारलं तर मास्तरीण म्हणते, आत एक."

"आणि येतो कधी म्हणतो?"

"म्हणतच नाही. आलेला आतच बसलाय."

खुडबुड्या हसला. पहिल्या ओळीच्या आधीच उघडलेलं दार म्हणजे कुठेतरी मोजणी एकपासून सुरू होत असणार, नवशिक्यासारखी चूक. त्याने थोरल्यावर रिकामी फाइल उघडली. आत शून्य. मधल्यावर शून्य. धाकट्यावर शून्य. त्याने स्वतःचा प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला. मोजणी शून्यापासूनच होती.

"माझ्याकडे तर चालतंय," तो म्हणाला. त्याच्या धंद्यातला प्रत्येक माणूस अडचणीत सापडला की हेच म्हणतो.

"मग बस तुझ्याकडेच," ताई फणकारली. आणि लगेच आवाज उतरवून म्हणाली, "ये ना रे. स्वतः बघून जा. फोनवरून कसल्या उंटावरून शेळ्या हाकतोस?"

"येतो," तो म्हणाला, आणि मोजणी सुरुवातीलाच बळेबळे शून्यावर आणणारी एक ओळ घालून त्याने नवा एडिटर पाठवला.

३

"मास्तरीण आता शून्य म्हणते," ताईने कळवलं. "तू मात्र आलो म्हणतोसच. बरं, हे बोललास कुठे बसून?"

"कपाटात."

"छे. हा जिन्यातला आवाज आहे. आमच्या जिन्यातला, खालच्या वळणावरचा. तिथली भिंत पोकळ आहे, शब्दाचं शेपूट लांबतं."

खोली ओळखण्यात ताईचा हात कुणी धरला नसता. शाळेत ती टाळी वाजवून वर्गात किती मुली आहेत ते सांगायची. पण त्या आवाजाची फाइल त्याने बनवल्यापासून कुणी हात लावलेली नव्हती. त्याने ती ताईशी फोनवर बोलता बोलताच वाजवली. कोरडा, कपड्यांत दबलेला 'आलो'.

"हा नाही," ताई म्हणाली. "थांब, ऐकवते." तिने फोन कॉम्प्युटरजवळ नेला. एक कळ दाबल्याचा आवाज आला.

"आलो."

आवाज त्याचाच होता, त्यात शंका नाही. पण तो धापा टाकत होता, आणि त्याच्या मागे दगडी पायऱ्यांचा गारवा घुमत होता. ताईची खोली खुडबुड्याला माहीत होती. खाली गालिचा, जाड पडदे, गाद्यागिरद्या. त्या खोलीत कशाचंही घुमणं होत नाही.

फोन ठेवल्यावर त्याने स्वतःला समजावलं. स्वस्तातला स्पीकर, त्यावर फोन, त्यावर दुसरा फोन, आवाजाची वाट लागणारच. खात्री करायला तो घरभर हिंडत, एकेका कोपऱ्यात उभा राहून "आलो" म्हणून बघायला लागला. मोरीत वेगळा घुमायचा, खिडकीशी वेगळा. आपल्या घरात आपणच आलो आलो करत फिरतोय आणि "ये" म्हणायला कुणी नाही, हे ध्यानात आल्यावर तो गप्प बसला. संध्याकाळी ब्रेड आणायला उतरला तर गॅरेजवाल्याने गाडीखालून डोकं काढलं.

"पाहुणे आलेत वाटतं? सारखं आलो आलो ऐकू येत होतं."

"नाही हो, मीच."

"एकटेच?"

"एकटाच."

गॅरेजवाल्याने मान हलवली आणि तो परत गाडीखाली गेला.

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "आज पॅसेजमधून म्हणालास." ती हे मजेत सांगत होती. "चपलांच्या फडताळाशी. रोज थोडा थोडा पुढे सरकतोयस. या वेगाने बैलगाडीसुद्धा आधी पोचेल."

त्याला हसू आलं नाही. त्याने आवाजाच्या दोन्ही फाइली पुसून टाकल्या, त्या वाजवणाऱ्या ओळी मुळासकट काढल्या, आणि आवाज नावालाही नसलेला एडिटर तिला पाठवला. जुना काढून हाच बसव, असं बजावलं. मास्तरीण नुसती आत किती ते सांगेल.

"सोबत काढून घेतलीस म्हण की," ताई म्हणाली.

"दुरुस्त करून परत घालतो गं."

"बरं." तिला वाईट वाटलं होतं. "आणि तू?"

"येतो ना," तो म्हणाला.

४

पुढच्या सकाळी ताईचा फोन आला नाही. त्याने वाट पाहिली, चहा निवला, मग स्वतःच फोन केला. खूप वेळ वाजल्यावर तो उचलला गेला, पण ताई आधी फोनमध्ये बोललीच नाही.

"थांब हं, फोन आलाय," ती कुणालातरी म्हणाली. आणि मग, "हॅलो, कोण?"

"मी."

"मी कोण?"

"अगं ताई, मी. खुडबुड्या."

ताई खळखळून हसली. किती वर्षांत ती अशी हसली नव्हती. "पुरे झाला चावटपणा! स्वयंपाकघरात बसून मला फोन करतोस होय? घोडा झालास तरी खोड्या त्याच."

"ताई, मी माझ्या घरी आहे."

"हो तर! आणि मघापासून डबे कोण उचकतंय?"

तिच्या मागे, थोडं लांब, एक झाकण पडलं. मग खण ओढला गेला. कुणीतरी काहीतरी उघडत होतं, चाचपत होतं, ठेवत होतं. पुढचे ओळखीचे तीन शब्द येतील म्हणून त्याने नकळत कान दिला, पण "काही नाही गं" असं काही कुणी म्हणालं नाही.

"आल्यापासून एक शब्द धड बोलला नाहीयेस," ताई लाडाने कुरकुरत होती. "कधी निघालास, तर आलो. चहा घेणार का, तर आलो. बाकी वाचा बसलीय का? आणि डावा हात का लपवतोस? हात दे म्हटलं की उजवाच पुढे करतोस. परत चेमटवलंस ना बोट?"

"ताई, ऐक माझं. आत्ता उठ. दार उघड आणि बाहेर जिन्यात जाऊन उभी राहा."

"अरे, साखळीसुद्धा तूच लावलीस ना आत आल्यावर, मी..." ती थांबली. खुडबुड थांबली होती. ताईचा श्वास त्याला ऐकू येत होता.

मग फोनच्या अगदी तोंडाशी तो आवाज आला. आता त्यात जिना नव्हता, पॅसेज नव्हता, कसलंच घुमणं नव्हतं. कपड्यांत दबलेला, कोरडा, स्वच्छ.

"आलो."

आणि फोन बंद झाला.

त्याने पुन्हा लावला, पुन्हा लावला. कुणी उचलेना. तिच्या शेजाऱ्यांचा नंबर असता तर लावला असता, पण तो इतक्या वर्षांत गेलाच नव्हता, शेजारी कोण राहतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. पोलिसांना तरी काय सांगायचं? माझ्या बहिणीच्या घरी मी शिरलोय, मला बाहेर काढा? तो अंगावरच्या कपड्यानिशी निघाला. खोलीतून निघताना कपाटाचं दार अर्धवट उघडं दिसलं. ते लावावं असं त्याला वाटलं, पण हात पुढे झाला नाही.

"निघालात?" गॅरेजवाल्याने विचारलं.

नेहमीचा शब्द ओठांवर आला. खुडबुड्याने तोंड मिटलं, नुसती मान हलवली आणि तो बसस्टँडकडे पळत सुटला.

५

दुपार कलायच्या आत तो ताईच्या इमारतीत शिरला. लख्ख ऊन होतं. खाली एक बाई कुंड्यांना पाणी घालत होती, कुणाचा तरी रेडिओ चालू होता. इतकं सगळं नेहमीचं होतं की त्याला स्वतःचीच लाज वाटली. एकटं राहून डोकं फिरलंय आपलं, ताईने चेष्टा केली आणि आपण सुतावरून स्वर्ग गाठला. तो पायऱ्या दोन-दोन करत चढला आणि खालच्या वळणावर, धापा टाकत, लहानपणच्या सवयीने ओरडला, "ताई, आलो!"

पोकळ भिंतीने शब्दाचं शेपूट लांबवलं. तो जागच्या जागी थांबला. फोनवर ऐकला होता तो हाच आवाज, हीच धाप. मग तो उरलेल्या पायऱ्या चवड्यांवर, आवाज न करता चढला.

दार बंद होतं. त्याने बेल वाजवली. आत टिंग झाली. पावलं आली, ताईचीच, सावकाश.

"कोण?"

"ताई, मी."

मग कडी सरकली आणि दार साखळी ताणेपर्यंत उघडलं, वीतभर. फटीत ताईचा अर्धा चेहरा दिसला. ती गोंधळलेली होती, घाबरलेली नव्हती.

"बाहेर कधी गेलास?" ती म्हणाली. "दाराचा आवाज नाही आला."

बोलून काय उपयोग, त्याचा आवाज तर तिच्याकडे आधीपासूनच होता. त्याने डावा हात फटीतून आत घातला. ताईने तो धरला. अंगठ्यापासून एकेक बोट चाचपत तिची बोटं करंगळीशी आली, वाकड्या सांध्यावर फिरली आणि थांबली. तिने पुन्हा एकदा चाचपलं.

"खुडबुड्या," ती अगदी हळू म्हणाली.

"हो."

"मग सकाळपासून मी कुणाचा हात धरून बसलेय रे?"

तिच्या खांद्यावरून त्याला पॅसेज दिसत होता आणि पॅसेजच्या टोकाला खोली. पडदे उघडे, गालिच्यावर ऊन. टेबलावर कॉम्प्युटर चालू होता, पडद्यावर रिकामी फाइल. शेजारी दोन कप, एक भरलेला, वर साय धरलेला. आणि टेबलाच्या कडेला एक उजवा हात, तळवा वर करून ठेवलेला, कुणाच्या तरी हातातून नुकताच सुटलेला. मनगटाच्या मागचं सगळं खोलीच्या दाराच्या कडेआड होतं. तो हात सावकाश मिटला.

"ताई, साखळी काढ. मागे वळू नकोस. बाहेर ये."

"काढते." तिने वर हात नेला, साखळी चाचपली, ओढली. "निघत नाही."

"का?"

"दार लावल्याशिवाय निघत नाही रे ती," ताई रडवेली झाली. "आधी दार पूर्ण लावावं लागतं. तुझा हात काढ."

त्याला हात काढवेना. तिलाही तो सोडवेना. आत खुर्ची सरकली. ताईने त्याची करंगळी एकदा घट्ट दाबली आणि सोडून दिली. त्याने हात बाहेर घेतला. दार लागलं.

साखळी खाचेतून सरकल्याचं त्याने ऐकलं. ती सुटून लाकडावर आपटली, लोंबकळून दोनतीनदा वाजली आणि शांत झाली. आता फक्त दार ओढायचं होतं.

दार ओढलं गेलं नाही.

"ताई?" त्याने दोन्ही तळव्यांनी दारावर थापा मारल्या, खांदा लावला, दार हललं नाही, पुन्हा हाक मारली. "ताई, उघड!"

आतून, दाराला ओठ लागतील इतक्या जवळून, कोरड्या, स्वच्छ आवाजात कुणीतरी म्हणालं, "येतो."

खुडबुड्याने दाराला कान लावला. येतोय की जातोय? पावलांवरून कळतं, ताई म्हणाली होती. पावलं वाजत नव्हती, ताईचीही नाही. इतकी वर्षं फोनच्या त्या टोकाला हा शब्द ऐकून ताई काय करत असेल, ते त्याला आता कळलं. खाली रेडिओ चालू होता. तो दाराला टेकून वाट बघत उभा राहिला.